सातवी मूठ

सुमनताई बोरसे कुणाच्या दाराची कडी वाजवत नसत. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहत, कमरेवर एक हात ठेवत आणि भाजीवालीला लाजवील अशा आवाजात विचारत, "कोनले ताप शे व माय?" आतून उत्तरंही भाजीवालीला द्यावीत तशीच येत. आमच्याकडे नाही. आमच्याकडचा काल उतरला. आमच्या सासूला आहे, पण ती गोळी घेत नाही, तुम्हीच येऊन सांगा. कुणाच्या घरात काय शिजतंय ते अख्ख्या गल्लीला कळतं, मग ताप तेवढा कशाला लपवायचा, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी मी त्यांच्यामागे ताप मोजायचं पिस्तूल धरून उभा होतो आणि ही बाई सर्व्हे करते आहे की लिलाव, हेच मला कळेना.

मी सुरत पालिकेच्या मराठी शाळेतला मास्तर. कोरोनात शाळा बंद झाल्या आणि आम्हा शिक्षकांना घरोघर ताप मोजायच्या कामाला लावलं. सुमनताई गोडादऱ्याच्या आरोग्यकेंद्रातल्या आरोग्यसेविका, निवृत्तीला आलेल्या. माझी जोडी त्यांच्याशी लागली. मी मूळचा साताऱ्याकडचा. सुरतेत इतकी वर्षं काढून अहिराणी मला कळते, पण बोलायला गेलो की पोरं हसतात. गोडादऱ्याच्या त्या गल्ल्यांत सगळे खानदेशी, कुणी लूमवर, कुणी पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये. तिथे सुमनताई नसत्या तर मला कुणी उंबऱ्याजवळही उभं केलं नसतं.

दिसायला त्या ठेंगण्या, गोल, आणि नटण्याची हौस दांडगी. जग बंद पडलं होतं, पण त्यांची साडी खळ घातलेलीच असे. डोळ्यांत काजळ, आणि मास्क त्या दिवशीच्या साडीच्या ब्लाउजपीसमधून शिवलेला. अर्धा चेहरा सरकारने नेला, उरलेल्याचं तरी भलं करू द्या, असं म्हणायच्या. आरोग्यकेंद्राच्या साहेबांशी गुजराथी, माझ्याशी मराठी, गल्लीत अहिराणी आणि राग आला की हिंदी. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या की हिंदीत आपलं कुणी नातेवाईक नाही, त्यामुळे मोकळं बोलता येतं.

मी मोठा भित्रा माणूस. दर घरानंतर हात धुवायचो, बाटलीतला सॅनिटायझर कोपरापर्यंत चोपडायचो. तळव्यांची सालं निघायला लागली होती. सुमनताई ते बघत उभ्या राहायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "मास्तर, रोग राहील आणि तुम्ही धुऊन जाल." वर दुसऱ्या दिवशी घरून खोबरेल तेलाची लहान बाटली आणून माझ्या पिशवीत टाकायच्या. चेष्टा आणि काळजी यांच्यात त्यांनी कधी फारसं अंतर ठेवलं नाही.

त्यांचा एक हट्ट मात्र चहाचा. ज्या घरचा चहा प्यायला नाही त्या घरचा ताप कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. कोरोनात कुणाच्या घरचं काही घ्यायचं नाही असा हुकूम निघाला, तेव्हा त्यांनी घरून थर्मास आणायला सुरुवात केली. उंबऱ्याच्या अलीकडे त्या आपल्या थर्मासातला चहा घेऊन उभ्या, पलीकडे घरची बाई आपल्या कपातला चहा घेऊन बसलेली, मध्ये सरकारी अंतर. मग गप्पा. सून कशी वागते, गावी पाऊस झाला का, लूम किती दिवस बंद राहणार. या गप्पांत तापाचा शब्द शेवटी, चहा संपताना यायचा. मला सुरुवातीला हा वेळेचा अपव्यय वाटे. एका सकाळी फार तर दहा-बारा घरं होत आणि साहेब ओरडत. पण ज्यांना बाकीच्या जोड्या सापडत नव्हत्या ती तापाची माणसं आम्हाला सापडत होती, हेही खरं.

या बाईने चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळची सुरत पाहिली होती. तेव्हा त्यांचा सुरतेतला संसार नवा होता, नवरा लूमवर. एका दिवसात अफवा पसरली आणि गल्ल्या रिकाम्या झाल्या. गल्लीतला दवाखाना सगळ्यांत आधी बंद झाला, हे सांगताना त्या आवर्जून हसायच्या. नवरा-बायको मिळेल त्या गाडीत शिरून भुसावळच्या लाइनीने अमळनेरकडे, सुमनताईंच्या माहेरी गेले. गावाच्या वेशीवर माणसं काठ्या घेऊन उभी होती. सुरतेहून आलेल्यांना आत घ्यायचं नाही असं ठरलं होतं. दोघं शेतातल्या झोपडीत राहिले. आई रोज जेवण घेऊन यायची, ते सुमनताईंनी मला एकदाच सांगितलं, आणि ते मराठीत सांगायला सुरुवात करून अहिराणीत संपवलं. "मायनी भाकर दगडवर ठेवी, नि मांगे सरकनी."

  कुणाला वाटेल की त्या दिवसामुळेच त्या या नोकरीत आल्या. तसं काही नव्हतं. नवऱ्याचा हात मागात सापडला, घर चालवायला पगार हवा होता, म्हणून नर्सिंगचा कोर्स केला. पण कोरोनात कुणी माणूस दुसऱ्याला बघून मागे सरकला की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी व्हायचं, ते काजळ लपवू शकत नसे.

एक गोष्ट त्यांच्या तोंडी सारखी असे. प्लेगमध्ये जगाने सुरतेला वाळीत टाकलं होतं, विमानं थांबवली, इथलं कापडसुद्धा नको म्हणाले. आता सुरत शहाणी झाली आणि तिने गोडादऱ्याला वाळीत टाकलं. गोडादरा आमच्या गल्लीला टाकतो. उद्या गल्ली एका घराला टाकेल. शहर वाचवायचं म्हणजे आधी कुणाला बाहेर ठेवायचं ते ठरवायचं, एवढंच लोकांना येतं. हे त्या रागाने नाही, भाजी निवडताना बोलावं तसं बोलत.

ते खरं असल्याचं मला तेव्हाच दिसलं. मोठ्या रस्त्यापलीकडच्या एका सोसायटीत दोन रुग्ण निघाले. दारावर चिकटवायचा विलगीकरणाचा कागद घेऊन आम्ही गेलो, तर सेक्रेटरी खाली आला आणि म्हणाला की इथे इज्जतदार लोक राहतात, कागद लावू नका, आम्ही फोनवर कळवत जाऊ. साहेबांनी मान्य केलं. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत एक रुग्ण निघाला, तर गल्लीच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले. दारावर कागद लागला की त्या घरच्या माणसाला मिलचं गेट बंद व्हायचं. लूम आणि मिल नुकत्या उघडत होत्या. कागदाची भीती तापापेक्षा मोठी होती.

तेव्हापासून सुमनताई कागद दाराच्या आतल्या बाजूला लावू लागल्या. साहेबांनी पाहिलं आणि भडकले. "सुमनबेन, आ शुं छे?" सुमनताईंनी अगदी साळसूद चेहरा केला. रोग घरात आहे, म्हणून कागद घरात लावला, म्हणाल्या. साहेबांनी मेमो दिला. तो त्यांनी पदराच्या टोकाने पुसून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा आतल्या बाजूला.

श्रावण जवळ आला तशी एक नवी अडचण उभी राहिली. लोक घरातली माणसं कमी सांगायला लागले. एखादा खोकत असेल तर तो गावाला गेलाय म्हणत. दोन खणांच्या घरात वर लाकडी माळा असतो, तिथे माणूस लपला तर खालून कळत नाही. सुमनताईंनी यावर एक शक्कल काढली. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई बसते. तिच्या नैवेद्याचे रोट करायला घरातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. सरकारशी खोटं बोलता येतं, कानबाईशी नाही. म्हणून त्या किती माणसं हे विचारायचं सोडून, "कानबाईले कितल्या मुठी?" असं विचारू लागल्या. आणि बाया खरं सांगत.

पहिलाच प्रयोग आमच्या अंगाशी आला. एका घराने अकरा मुठी सांगितल्या. सर्व्हेत माणसं पाच होती. सुमनताईंनी वर कळवलं, आणि साहेब स्वतः माणसं घेऊन आले, माळ्यावर चढले, मोरीत डोकावले. घरातली म्हातारी शांतपणे बसून बघत होती. मग तिने हिशेब दिला. दोन मुलं पारोळ्याला, त्यांच्या बायका, एक नातू नाशिकला शिकतो, एक लेक अजून नांदायला गेलेली नाही ती मामाकडे. रोट सगळ्या भाऊबंदांचे मिळून. ती काय आमची नाहीत का, तिने साहेबांना विचारलं. साहेबांना हे गुजराथीत कसं सांगावं ते सुमनताईंना सुचेना. परत येताना त्या रस्त्याच्या कडेला बसून इतक्या हसल्या की मास्क भिजला. पण मेमो दुसरा आला, आणि तो लागलाही असावा. त्यानंतर मुठी जास्त निघाल्या की त्या जरा जपून वागायला लागल्या.

योगिताच्या घरी आम्ही गेलो ते त्यानंतर. योगिता म्हणजे किशोर पाटीलची बायको, पंचविशीची, बोलायला मऊ. किशोर पांडेसऱ्याला डाईंग मिलमध्ये, मिल उघडून थोडेच दिवस झालेले. घरात किशोर, योगिता, त्यांची दोन मुलं, दीर आणि सासू. सासरे, सगळे त्यांना आबा म्हणत, ते कामगारांच्या गाडीने गावी गेलेत असं आधीच सांगितलेलं. योगिता उंबऱ्याच्या आत सुपात गहू निवडत बसली होती, तेच कानबाईचे. सुमनताईंचा चहा चालू होता. बोलता बोलता त्यांनी विचारलं, कितल्या मुठी. योगिता म्हणाली सात.

"सातवी आबानी ना?" सुमनताईंनी विचारलं. "ते गावले शेतस."

सासू मागे भिंतीला टेकून उभी होती. योगिता म्हणाली, "हाव." आम्ही पुढच्या घरी गेलो.

आबा माळ्यावर होते. गाडीने गेलेच नव्हते. आधीपासून खोकला होता, आणि नेलं तर परत आणत नाहीत, दाराला कागद लागला तर किशोरचं काम जाईल, म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांना वर ठेवलं होतं. चार-पाच दिवसांनी दुपारी किशोर धावत आरोग्यकेंद्रात आला. आबांना श्वास पुरत नव्हता. सुमनताई स्वतः माळ्यावर चढल्या, त्या वयात, त्या साडीत. आबांना खाली आणायला शेजारचं कुणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी आणि किशोरनेच आणलं. ॲम्ब्युलन्समध्ये बसताना आबांनी त्यांचा हात धरला. मी आणून सोडते परत, असं त्या म्हणाल्या. हे सगळ्या गल्लीने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आबा गेले. देह घरी दिला नाही, तेव्हा कुणाचाच देत नव्हते. गल्लीला पुन्हा पत्रे लागले. किशोरचं काम गेलं. सुतकामुळे त्या घरात कानबाई बसली नाही, आणि निवडलेले गहू डब्यात तसेच राहिले.

आबा गेल्याचा निरोप सांगायला सुमनताई गेल्या होत्या, मी बरोबर होतो. सासूने फक्त एक वाक्य म्हटलं. ताईने नेलं, ताईने परत आणलं नाही. ते वाक्य संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. दुसऱ्या दिवसापासून सुमनताईंच्या हाकेला उत्तर येईना. कोनले ताप शे व माय, आणि सगळीकडे दारं लोटल्याचा आवाज. त्या तरी रोज हाक मारत. रिकाम्या गल्लीत उभ्या राहून थर्मासातला चहा एकट्या पीत. मला ते बघवत नसे.

शेवटी मी एकदा चिडून बोललो. तुम्ही विचारलं होतं, योगिताने खोटं सांगितलं, मी साक्षीला आहे, मग गल्लीला सांगत का नाही. सुमनताईंनी थर्मासाचं झाकण सावकाश फिरवून बंद केलं.

"तिला त्या घरात राहायचंय, मास्तर," त्या म्हणाल्या. "मला नुसतं गल्लीत यायचंय."

मग त्या मला खोबरेल तेल संपलं का ते विचारायला लागल्या.

पुढच्या वर्षी लस आली. आमच्याच शाळेत केंद्र झालं. मी नावं घेण्याच्या टेबलावर, सुमनताई टोचायला, बरोबर एक नवी नर्स. बाकीच्या गल्ल्यांतून माणसं आली, या गल्लीतून एकही नाही. लस घेतली की माणूस मरतो, पोरं होत नाहीत, नाव लिहून घेतात आणि मग घेऊन जातात, अशी बोलवा होती. नेतात या शब्दाला त्या गल्लीत आता सुमनताईंचा चेहरा होता. साहेबांनी जाहीर केलं की पुढच्या आठवड्यापासून पोलीस आणू आणि लस नाही त्याचं रेशन थांबवू. सुमनताई त्यांच्या केबिनमध्ये बराच वेळ होत्या. बाहेर आल्या तेव्हा हिंदीत बोलत होत्या, यावरून काय झालं असेल ते मला समजलं. एवढंच मिळालं होतं, एक रविवार. त्या दिवशी गल्ली आपणहून आली तर पोलीस नाही. नाही आली तर त्या गल्लीचं काम त्यांच्याकडून काढून घ्यायचं.

त्या म्हणत की दंडुक्याने टोचलेली सुई अंगात जाते, पण त्यानंतर बाई कधी आपला ताप सांगायला येत नाही. निवृत्तीला थोडेच महिने होते. ती गल्ली अशी तोंड फिरवलेली ठेवून घरी बसायचं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. शनिवारी त्यांनी गल्लीत जाऊन हाक मारली. ताप विचारला नाही. उद्या मी शाळेत बसते, एवढंच सांगून आल्या.

आता त्या बारडोलीला मुलाकडे असतात. तो साखर कारखान्यात आहे. फोनवर बोलणं होतं, साखरेने वजन वाढलं म्हणून तक्रार असते. प्रत्यक्ष भेट मात्र त्यानंतर झालेली नाही. त्या रविवारनंतर लगेच केंद्र शाळेतून हललं आणि मला शाळेच्या कामावर परत बोलावलं. त्यामुळे सुमनताई म्हटलं की मला त्या रविवारच्याच दिसतात.

सकाळपासून खुर्च्या रिकाम्या होत्या. सुमनताईंनी मोरपंखी साडी नेसली होती आणि मास्क तसाच. शाळेच्या फाटकाबाहेर गल्लीतल्या बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या, आत येत नव्हत्या, जातही नव्हत्या. किशोर आणि त्याची आई त्यांच्यात होते. साहेबांची जीप एकदा येऊन बघून गेली. दुपार व्हायला आली तेव्हा त्या घोळक्यातून योगिता निघाली आणि पटांगण ओलांडून एकटी आली. माझ्या टेबलापाशी न थांबता सरळ सुमनताईंसमोर उभी राहिली. मग वळली. तिचा आवाज कधी घराबाहेर ऐकू आला नव्हता. तो फाटकापर्यंत गेला.

"ताईनी माले इचारेल व्हतं. आबा वर व्हतात. मीच सांगं नही."

 सासू फाटकाची सळई धरून उभी होती. योगिता खुर्चीत बसली आणि तिने दंडावरचा पदर बाजूला केला.

सुमनताईंनी सुई टोचली.  "हात ढिला सोड, माय," इतकंच म्हणाल्या. मग लस घेतलेल्या माणसाने अर्धा तास बसायचं असतं म्हणून योगिता भिंतीकडच्या बाकावर गेली, तर सुमनताईंनी हातमोजे काढले, नव्या नर्सला आपली जागा दिली आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या. सरकारी अंतर त्या दिवशी त्यांनी पाळलं नाही. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि माझं टेबल इतकं जवळ होतं की ऐकू येऊ नये अशी इच्छा असूनही ऐकू आलं. मी तेव्हा सांगितलं असतं तर आबा वाचले असते का, योगिता विचारत होती.

सुमनताई तिच्याकडे वळल्या.

"माले माहीत नही. पन तू हाव म्हननी, तवय माले काहीतरी खटकनं व्हतं. मी बी दुसरी डाव इचारं नही."

दुसऱ्यांदा त्यांनीही विचारलं नव्हतं. योगिताने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि सुमनताईंनी पदर तिच्या डोक्यावरून नीट केला, जसा लेकीचा करतात. दोघी तशाच बसून राहिल्या. तोवर फाटक उघडल्याचा आवाज झाला होता. किशोरची आई सर्वांत पुढे होती. ती माझ्या टेबलापाशी आली आणि मी तिला नाव विचारलं.